टॉवरवर किती वेळा चढायचं?

"तू नक्की करतोस काय रे?" हा प्रश्न आमच्या नातेवाईकांत मला कुणीही, केव्हाही विचारू शकतं. मावशी-काकांची 'इंटरनेटचं काहीतरी' एवढ्यावर बोळवण होते. इथे जरा सविस्तर सांगतो. जिथे फायबर पोचत नाही, किंवा पोचलेलं पावसाळ्यात टिकत नाही, अशा गावांना आम्ही हवेतून इंटरनेट देतो. तालुक्याच्या गावापर्यंत फायबर येतं. तिथून डोंगरावरच्या टॉवरवर एक लिंक, तिथून पलीकडच्या डोंगरावर दुसरी, आणि शेवटी कुणाच्या तरी पत्र्यावर बसवलेली ताटलीएवढी डिश. बहुतेक उपकरणं ५ गिगाहर्ट्‌झवर चालतात. या पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्‌झ सरकारने २०१८ साली परवानामुक्त केले, तेव्हापासून आमच्यासारख्या छोट्यांना जरा हातपाय पसरता आले.

असो. आज लिहायचंय ते या पसाऱ्याच्या नोंदी ठेवणाऱ्या आणि त्यावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. विषय कोरडा आहे, मान्य. पण या धंद्यात सॉफ्टवेअर निवडताना लोक फीचर्स मोजतात, किंमत बघतात, यूट्यूबवर व्हिडिओ बघतात, आणि एकच प्रश्न विचारत नाहीत. याच्यामुळे पोरगं टॉवरवर किती वेळा कमी चढेल?

गगनबावडा-राधानगरीकडचा जुलैतला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना हे जास्त सांगायला नको. तीस मीटरचा लोखंडी टॉवर, निसरडा झालेला. बेल्ट लावून पोरगं वर जातं. वर सहा डिश. स्केचपेनने लिहिलेली लेबलं पहिल्याच पावसात धुऊन गेलेली. वरून फोन येतो, "दादा, ह्यातली कुठली?" आणि खाली कुणालाच माहीत नसतं, कारण ज्याने बसवली तो नोकरी सोडून गेलेला. अशी एक केस मी जवळून पाहिली. सगळं नेटवर्क त्या गृहस्थाच्या डोक्यात होतं, आणि डोकं घेऊन तो पुण्याला गेला! पोरगं दोनदा उतरलं, तिसऱ्यांदा चढलं. तोवर खालच्या गावात डेअरीचं संकलन अडकलेलं, आणि बँकेचे पैसे काढायला आलेल्या म्हाताऱ्या ओट्यावर बसून राहिलेल्या.

आता यात सॉफ्टवेअर काय करणार? बरंच करतं, पण योग्य क्रमाने घेतलं तर. बहुतेक प्रोव्हायडर आधी मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर आणतात. मिक्रोटिकचं 'द ड्यूड' असो, ऑब्झर्व्हियमपासून २०१३ साली वेगळं झालेलं लिब्रेएनएमएस असो, की लाटव्हियातून आलेलं झॅबिक्स. भिंतीवर मोठा टीव्ही लावला, नकाशावर हिरवे-लाल ठिपके दिसले, की मालक खूश. ही सॉफ्टवेअरं वाईट नाहीत, मी रोज वापरतो. पण ती सांगतात ते 'आत्ता काय आहे' एवढंच. लिंकचा सिग्नल उणे ७१ डीबीएम आहे हे दाखवतील. फार तर गेल्या वर्षी किती होता तेही दाखवतील. पण ती लिंक बसवताना किती यायला हवा होता, डिश कुठल्या दिशेला किती अंशांवर लावायची ठरली होती, मधे कुणाचा माळ आहे, हे त्यांना कुठून कळणार? त्यांना इतिहास कळतो, हेतू कळत नाही.

हेतूची नोंद वेगळी लागते, आणि माझ्या मते तीच आधी लागते. आम्ही त्यासाठी नेटबॉक्स घेतलं. जेरेमी स्ट्रेच यांनी डिजिटलओशनमध्ये असताना ते लिहिलं आणि २०१६ पासून ते मुक्त स्रोत आहे. फुकट आहे, एका साध्या लिनक्स सर्व्हरवर चालतं. त्यांची भूमिका मला फार आवडते. नेटवर्क कसं असायला हवं ते इथे लिहा, चालू नेटवर्कमधून आपोआप माहिती ओढून यात भरू नका, असं ते स्पष्ट सांगतात. पहिल्यांदा ऐकल्यावर हे आडमुठेपणाचं वाटतं. एवढं सगळं हाताने कोण भरणार? पण विचार करा. चुकून लावलेला आयपी आपोआप नोंदवहीत गेला, तर तो चुकीचा आहे हे सांगणार कोण? पोलिसाने चोराच्या जबानीवरूनच पंचनामा लिहिण्यासारखं झालं ते.

आता त्याची उणी बाजू. नेटबॉक्सचा जन्म डेटा सेंटरच्या दुनियेतला. रॅक, केबल, पोर्ट हे सगळं त्यात छान बसतं. वायरलेस लिंकची नोंद करायची सोय आली ती ३.१ आवृत्तीत, २०२१ च्या डिसेंबरात. टॉवरवरची उंची, दिशा, झुकाव यांचे रकाने आजही आपले आपणच जोडावे लागतात. आणि मोबाईलवर, पावसात, ओल्या बोटांनी भरायला ते अजिबात सोयीचं नाही. इथेच बहुतेकांची गाडी अडते. ऑफिसातला माणूस हौसेने चार दिवस भरतो, आणि फिल्डवरची पोरं "रात्री सांगतो दादा" म्हणतात. ती रात्र कधी येत नाही.

यावर आमचा उपाय साधा आहे. एक मराठी फॉर्म केला, तो एपीआयमार्फत नेटबॉक्समध्ये भरतो. प्रश्न पाचच. कुठला टॉवर, कुठलं उपकरण (बारकोडचा फोटो चालतो), तोंड कुठे, किती उंचीवर, आणि डिशच्या मागून समोर दिसतं त्याचा एक फोटो. हा शेवटचा फोटो म्हणजे सोनं आहे, खरं सांगतो. ५ गिगाहर्ट्‌झला पावसाच्या धारेचा फारसा त्रास नसतो, ओल्या पानांचा असतो. मे महिन्यातला फोटो आणि ऑगस्टमधला फोटो शेजारी ठेवला की वाढलेली सुरूची फांदी दिसते. मग टॉवरवर चढायचं कारण नाही, त्या शेताच्या मालकाला भेटायचं. पोरं आता फॉर्म न सांगता भरतात, कारण आपली खेप वाचते हे त्यांना दोन पावसाळ्यांत कळलं.

"एक्सेल काय वाईट आहे?" असं विचारणारे भेटतात. पन्नास ग्राहकांपर्यंत काहीच वाईट नाही. पुढे 'आयपी-फायनल', 'आयपी-फायनल-नवीन' अशी पिल्लं होतात आणि एकच आयपी दोन गावांना दिला जातो. एक्सेल त्यावर तक्रार करत नाही, नेटबॉक्सला तसं बजावून ठेवता येतं. एकाच कंपनीची उपकरणं असतील तर त्या कंपनीचं सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ युबिक्विटीचं यूआयएसपी, सुरुवातीला फार सोपं जातं. पण ते मुळात घरच्या मंडळींसाठी केलेलं. दुसऱ्या कंपनीची उपकरणं तिथे पाहुण्यासारखी बसतात. आणि छोट्या प्रोव्हायडरकडे आठ-दहा वर्षांत तीन कंपन्यांचा माल साठतोच. म्हणून आतली माहिती सगळी बाहेर काढता येते का, हे मी पहिल्या दिवशी बघतो.

ऑक्सिडाइज्ड मात्र सगळ्यांनी लावावं. ते ठरावीक वेळाने प्रत्येक राउटरचं कॉन्फिगरेशन उचलून ठेवतं, आणि काय बदललं ते ओळीगणिक दाखवतं. वीज पडून राउटर गेला तर नवा तासाभरात उभा राहतो. 'मी काही केलं नाही दादा' या वाक्याचाही निकाल लागतो.

शिवाय नोंदी ही आता फक्त आपली हौस राहिलेली नाही. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, घड्याळं सरकारी वेळेशी जुळवावी लागतात. लॉग असेल, पण तो आयपी त्या दिवशी कुठल्या पत्र्यावरच्या डिशला होता हे माहीत नसेल, तर चौकशीला आलेल्या माणसाला काय सांगणार?

मॉनिटरिंग आम्ही यानंतर लावलं, लिब्रेएनएमएस. उपकरणांची यादी नेटबॉक्सकडून घेतो, आणि कुठला टॉवर कुणाच्या मागे आहे तेही सांगून ठेवतो. डोंगरावरची बॅटरी बसली की पूर्वी चाळीस मेसेज यायचे, आता एक येतो. रात्री दोन वाजता तो आला, तर आधी वीज मंडळाचा फीडर बंद आहे का ते बघायचं, मग बॅटरीचं व्होल्टेज. टॉवरवर उजाडल्यावर, पाऊस थांबल्यावर.