प्रतीक्षालयातील वाय-फाय आणि आपला धर्म

रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चार भिंतींबाहेर जाऊ नये, हा आपल्या व्यवसायाचा जुना दंडक. वाय-फायच्या लहरी मात्र भिंती जुमानत नाहीत. कित्येक दवाखान्यांत प्रतीक्षालयातील अ‍ॅक्सेस पॉइंट थेट आतल्या स्विचला जोडलेला असतो. पासवर्ड भिंतीवर, आणि त्याच जाळ्यात रुग्णांच्या नोंदी! मग फायरवॉल असूनही व्यर्थ, कारण परका तिच्या आतच बसलेला असतो.

माझ्या मते, हा अ‍ॅक्सेस पॉइंट फायरवॉलच्या स्वतंत्र पोर्टलाच जोडावा. तेथून इंटरनेटची वाट खुली, नोंदींची बंद. कर्मचाऱ्यांसाठी निराळे जाळे असावे आणि २००१ मध्येच भेदली गेलेली डब्ल्यूईपी सोडून डब्ल्यूपीए३ पद्धत स्वीकारावी. संसर्गजन्य रुग्णाला आपण वेगळ्या कक्षात ठेवतोच. हे शहाणपण यंत्रांच्या बाबतीत का विसरावे?