शाळेंतली शपथ आणि घरांतली बाटली

दरसाल २६ जून उजाडला म्हणजे आम्हां शिक्षकांची धांदल ठरलेली. शाहू छत्रपतींची जयंती तीच, आणि संयुक्त राष्ट्रसंघानें १९८७ सालीं ठरविलेला नशाविरोधी दिनही तोच. तसबिरीला हार घालावा, प्रभातफेरी काढावी, मुलांना हात पुढें करून शपथ द्यावी आणि अहवाल वर धाडावा. वीस वर्षें मी हेंच केलें आणि कर्तव्य संपलें असें मानलें.

गेल्या नारळी पौर्णिमेनंतर एक जुना विद्यार्थी बंदरावर भेटला. वय सतरा, ट्रॉलरवर खलाशी. तोंडाला वास येत होता. मी रागावलों, तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, शपथ घेतलंय खरी. पण तांडेल पेलो पुढे करता तेव्हा काय सांगूचा, ता कोणी शिकवल्यानच नाय." यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

भाषणानें दारू सुटती तर ती केव्हांच सुटली असती. शाळांतून असे प्रयोग देशोदेशीं झाले. त्यांतून दिसलें तें हें कीं, सडलेल्या यकृताचीं चित्रें व एका दिवसाची शपथ यांनीं मुलांचें वागणें फारसें बदलत नाहीं. नकार देण्याचा वारंवार सराव आणि 'सगळेच पितात' हा भ्रम घालविणें, यांचा उपयोग होतो. थोडाच, पण होतो.

आमच्या किनाऱ्याला हें अवघड कां वाटावें? दशावतारी नट आयत्या वेळीं संवाद रचतो, हें आमचें मूल जत्रेंत पाहतेंच. वर्गांत एकानें तांडेल व्हावें, पेला पुढें करावा. दुसऱ्यानें उद्धटपणा न करतां 'नको' म्हणावें. आठवड्याला एक तास पुरे.

पण सारा भार शाळेवर टाकून मोकळें होणाऱ्यांनाही विचारलें पाहिजे. महाराष्ट्रांत बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट; शेजारच्या गोव्यांत १८. तिकडे कर कमी, म्हणून स्वस्त बाटली चोरवाटेनें इकडे येते. जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना १८८० सालीं त्यांनीं दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. आज त्यांचें नांव घेणारें सरकार एका हातानें दारूचा कर खजिन्यांत भरतें आणि दुसऱ्या हातानें शाळेला शपथेचा कागद धाडतें! यांत बुडतात तीं कष्टकऱ्यांचीं पोरें. शिक्षणाचा पैसा बाटलींत जातो.

आणि बंधूंनो, सरकारला बोल लावून आपणही सुटत नाहीं. पाहुणा आला कीं बाटली आणि सोडा आणावयास पोराला कोण पिटाळतो? आपणच ना? पोराचा पहिला धडा तोच. येत्या जत्रेपासून एवढें बंद करा. शाळेंतला तास मी घेतों. घरांतला तुम्हीं घ्यावा.

— मालवण तालुक्यांतील एक शाळामास्तर