मोहाच्या सीझनमध्ये गांजाचा पिक्चर

'पिक्चर कोणता दाखवू, एवढंच सांग.' फोनवर माझा मावसभाऊ होता. हा दादा धारणीच्या एका कॉलेजात शिकवतो आणि एन.एस.एस.चं कामही त्याच्याच गळ्यात आहे. दरवर्षी व्यसनमुक्तीची पोस्टर स्पर्धा होते. दरवर्षी तीच कवटी, तीच सिगारेट, त्याच तुटलेल्या साखळ्या. 'पोरं बोर झाली गं. मीही झालो.' या वेळी त्याला पिक्चर दाखवून नंतर चर्चा घ्यायची होती, आणि तीही व्यसनावर नाही, कायद्यावर. ड्रग पॉलिसी! मेळघाटात! मी जामच खूष झाले आणि 'येतेच मी' म्हणून टाकलं.

डोक्यात अर्थातच 'उडता पंजाब' होता. 2016 मध्ये सेन्सॉर बोर्डाने त्यावर कात्रीच कात्री चालवली, निर्माते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि कोर्टाने एका कटवर पिक्चर सोडवला, हे मास कॉमच्या नोट्समध्ये असतंच. पॉलिसीच्या चर्चेला याहून चांगली सुरुवात कोणती? दादाने दोन मिनिटांत हवा काढली. 'ए सर्टिफिकेट आहे. आमच्याकडे अकरावी-बारावीची पोरं त्याच हॉलमध्ये बसतात. आणि त्यातल्या शिव्या मी माइकवरून समजावून सांगू?'

मग आठवला 'रीफर मॅडनेस'. 1936 चा अमेरिकन, ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम तासाभराचा. एका चर्चच्या मंडळींनी पालकांना सावध करायला काढलेला. गांजाचा एक झुरका मारला की पोरं खून करतात, वेडी होतात, खिडकीतून उडी मारतात, असा सगळा मामला. पुढच्याच वर्षी, 1937 मध्ये अमेरिकेने गांजावर जबर टॅक्स लावून त्याला जवळपास बंदच केलं. गंमत पुढे आहे. 1972 मध्ये कीथ स्ट्रूप नावाच्या वकिलाला हा विसरलेला पिक्चर सापडला. गांजावरचा कायदा सैल करा म्हणणाऱ्या संघटनेचा हा माणूस. त्याने 297 डॉलरला प्रिंट घेतली आणि कॉलेजा-कॉलेजात कॉमेडी म्हणून दाखवत सुटला! घाबरवायला काढलेल्या पिक्चरवर पोरं लोळून हसली आणि त्या शोंमधून चळवळीला पैसे मिळाले. शिवाय कॉपीराइटची भानगड नाही. बजेट शून्य असणाऱ्यांसाठी बेस्ट.

होळी होऊन आठवडा झाला होता. परतवाड्याहून एस.टी. सेमाडोह, हरिसाल करत घाटातून वळणं घेत जाते आणि फोनची रेंज एकेक दांडी करत निरोप घेते. तिथेच मला पहिला धडा मिळाला. मी शो सकाळी साडेनऊला ठेवला होता. शिपाईकाका हसले. 'मॅडम, मोहफुलं पडून ऱ्हायली ना सध्या. सकाळी पोरं जंगलात असतात. दुपारी घ्या, नाही तर तुम्ही अन् मीच पाहू पिक्चर.' मोहाची फुलं पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. ऑफिसच्या मीटिंगा आपण लंचच्या हिशेबाने लावतो, इथे झाडाच्या हिशेबाने. शो दुपारी दोनला गेला.

प्राचार्य सरांचा प्रश्न सरळ होता. 'पिक्चर पाहून पोरांना गांजा चांगला वाटला तर?' मी ते लॉजिक, ती चळवळ वगैरे सांगायला लागले. दादाने मध्येच म्हटलं, 'सर, शेवटी कायद्याची कलमं मीच वाचणार आहे.' झालं, परवानगी! (नोट टु सेल्फ: सरकारी भाषेत बोलायला शिकणे.)

हॉलमध्ये शंभरेक मुलं. खिडक्यांना सतरंज्या लावल्या, तरी पडद्यावर उजेडच जास्त. इंग्रजी डायलॉगवर दादा मराठीत आणि बी.ए.चा एक मुलगा कोरकूत लाइव्ह कॉमेंट्री करत होता. पिक्चरमधला गांजाडा पियानोवालीला 'आणखी फास्ट, आणखी फास्ट' म्हणून ओरडतो, तिथे कोरकूत नेमकं काय सांगितलं कोण जाणे, अख्खा हॉल कोसळला. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.

मग दादाने कलमं काढली. 1985 चा एन.डी.पी.एस. कायदा. एक किलोपर्यंत गांजा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेलात तर कमीत कमी दहा वर्षं. झाड लावलं तरी दहा वर्षांपर्यंत. आणि भांग? कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्यात धरलेली नाहीत, म्हणून महाशिवरात्रीची भांग या कायद्यातून सुटते. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारात पंचवीस वर्षांची मुदत मिळाली होती, ती संपत आली तेव्हा आपण हा कायदा केला. त्याआधी? धारणीहून रस्ता ज्या खंडव्याकडे जातो, तिथे इंग्रजांच्या काळात सरकारी परवान्याने गांजाची शेती होत होती. 1893 मध्ये नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने अकराशेहून जास्त साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदीची गरज नाही असं लिहून दिलं. हे ऐकून मुलं एकदम शांत झाली. खंडवा म्हणजे त्यांच्यासाठी बाजाराचं गाव.

मागून एक मुलगा उठला. 'सर, काकाच्या तुरीत पाच झाडं होती. त्याले धरलं. मग तो गुन्हेगार की शेतकरी?' दादाने कलम सांगितलं, पण उत्तर दिलं नाही.

आणि मग ती उठली. दुसऱ्या वर्षाची, पुढच्या रांगेतली. पिक्चरभर ती एकदाही हसली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. 'मॅडम, गांजाचं ठीक आहे. आमच्या घरी मोहाची आहे. आई गाळते. बाबा पितो. आईला मारतो. ती विकते त्यातून माझी फी भरते. तुमच्या पॉलिसीत आम्ही कुठे बसतो?'

मी माइक हातात धरून उभी होते. अमरावतीहून येताना चार पानांच्या नोट्स आणल्या होत्या, त्यात मोह हा शब्दच नव्हता.

दादाने सांभाळून घेतलं. त्याने आडव्या बाटलीचं सांगितलं: गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान होतं, निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. ती म्हणाली, 'सर, ते परवानावाल्या दुकानासाठी. चुलीवर कोण मतदान घेणार?' खरंच होतं. 2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुलं वेचण्या-नेण्यावरचे निर्बंध उठवले, पण ती घरी गाळली की गुन्हा तो गुन्हाच. आणि पलीकडे, मध्य प्रदेशात, तीच दारू आदिवासी गटांकडून 'हेरिटेज मद्य' म्हणून बाटलीत भरून विकायचं धोरण सरकारनेच आणलं. 'म्हणजे तिकडे माझी आई उद्योजिका,' ती म्हणाली. मुलं हसली. ती नाही.

'मग बंद व्हावी का?' मी विचारलं. मूर्ख प्रश्न. तिने बराच वेळ घेतला. 'बाबाची बंद व्हावी. आईची नको.' मुलं पुन्हा हसली, या वेळी जरा कमी.

दादाने पुण्याच्या मुक्तांगणचा विषय काढला. 1986 मध्ये अनिल आणि सुनंदा अवचटांनी सुरू केलेलं ते केंद्र, तिथे पेशंटला गुन्हेगार नाही, आजारी माणूस मानतात. एन.डी.पी.एस.मध्येही उपचारासाठी स्वतः पुढे येणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारं 64-अ कलम आहे. 'पुण्याला जायला-यायला किती लागतात?' मागून कुणीतरी विचारलं. दादाने एस.टी.चं भाडं सांगितलं. पुढे कुणी काही विचारलं नाही.

सतरंज्या काढताना ती मदतीला आली. तिला त्या कायद्याची मराठी प्रत हवी होती, दारूबंदीच्या कायद्याचीही. मी पाठवते म्हटलं. आणि पाठवली, हे मुद्दाम सांगते, कारण असली 'पाठवते' मी अनेकदा विसरले आहे.

'अजून एक,' ती म्हणाली. 'पुढच्या वेळी असा पिक्चर आणा ज्यात विकणारी बाई वाईट नसते.'

परतीच्या एस.टी.त गावागावांतून अंगणात वाळत घातलेल्या मोहाचा तो गोड, जड वास येत होता. मी माझी सगळी फिल्म लिस्ट आठवून पाहिली. हिंदी, इंग्रजी, इराणी, फेस्टिव्हलमध्ये पाहिलेले सगळे. अजून शोधतेय. दादाने पुढचा शो जुलैत ठेवलाय, तुमच्या पाहण्यात असेल तर प्लीज कळवा.