आधी तक्ता, मग कोड

बेळगावजवळ मच्छे येथे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा अभ्यासक्रम कर्नाटकभरच्या संलग्न इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकवला जातो. कॉम्प्युटर शाखेच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या सेमिस्टरला ‘डेटा स्ट्रक्चर्स’ हा विषय असतो आणि तो सी भाषेत शिकावा लागतो. निपाणी, खानापूर, चिकोडीकडची मराठी मुलेही त्यात असतात. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या रात्री यातले कितीतरी जण लॅबचे प्रोग्रॅम चक्क पाठ करतात. प्रोग्रॅम चालतो, मार्क मिळतात आणि विषयाचा गाभा हातचा निसटतो.

हा गाभा साध्या शब्दांत सांगता येतो. माहिती नीट मांडली की कोड आपोआप लहान होतो. मांडणी चुकली की तिची भरपाई ‘असे असेल तर हे, तसे असेल तर ते’ अशा अटींनी करावी लागते आणि चुका नेमक्या त्या अटींच्या जंगलात लपतात.

बेळगाव–कोल्हापूर बसचे उदाहरण घेऊ. बेळगाव, हत्तरगी, संकेश्वर, निपाणी, कागल, कोल्हापूर असे सहाच थांबे धरले, तरी एका दिशेने प्रवासाच्या १५ जोड्या होतात आणि परतीच्या धरून ३०. नवशिका विद्यार्थी भाडे काढणारा प्रोग्रॅम लिहायला बसला की बहुधा ३० ‘इफ’ लिहितो. मध्ये एक थांबा वाढला की आणखी १२ अटींची भर पडते. त्यातल्या एका ओळीत आकडा चुकला, तर तो नेमक्या त्याच जोडीचे तिकीट काढणाऱ्या प्रवाशाला भोवतो आणि तोवर कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता मांडणी बदलू. बेळगावपासून प्रत्येक थांब्यापर्यंतचे एकूण भाडे एका ॲरेमध्ये ओळीने लिहायचे. बेळगावपुढे शून्य, मग हत्तरगी, मग संकेश्वर, असे सहाच आकडे. हत्तरगी ते कागल भाडे हवे असेल, तर कागलच्या आकड्यातून हत्तरगीचा आकडा वजा करायचा. उलट दिशेला उत्तर ऋण येते, त्याचे चिन्ह सोडून द्यायचे. तीस अटींच्या जागी एक वजाबाकी आली. नवा थांबा म्हणजे फक्त एक नवा आकडा. समजा, कोगनोळीच्या पुढे महाराष्ट्रात शिरल्यावर दर किलोमीटरचा दर वेगळा धरायचा ठरला. तरी कोडची एक ओळही बदलत नाही, बदलतात ते कागल आणि कोल्हापूरपुढचे दोन आकडे. प्रत्यक्षातले भाडे टप्प्यांवर ठरते, त्यामुळे खऱ्या तक्त्यात तपशील जास्त असतील. पण कामाचा भार कोडवरून तक्त्यावर जातो आणि तक्ता तपासायला सी यावी लागत नाही, डेपोतला माणूसही तो तपासू शकतो.

सीमाभागात दुसरा धडा तर रोज डोळ्यांसमोर असतो. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने बारा शहरांची नावे अधिकृतपणे बदलली आणि ‘बेळगाम’चे ‘बेळगावी’ झाले. मराठी माणूस बेळगावच म्हणतो, जुन्या कागदांवर बेळगाम आहे. ज्या प्रोग्रॅममध्ये शहराचे नाव हीच ओळख धरलेली असते, तिथे अशा प्रत्येक नावासाठी वेगळी अट घालावी लागते. रेल्वेने ओळख आणि नाव वेगळे ठेवले आहे. स्टेशनची पाटी बदलली, पण स्टेशनचा कोड ‘बीजीएम’ होता तो तसाच राहिला. गावाला एक न बदलणारा कोड द्यायचा आणि त्या कोडपुढे मराठी, कन्नड, इंग्रजी, जुने, नवे अशी सगळी नावे तक्त्यात लिहायची. मग वाद नावावर कितीही होवोत, प्रोग्रॅम बिघडत नाही.

आता कॉलेजच्या लॅबकडे येऊ. विद्यापीठाच्या २०२२ च्या योजनेतल्या ‘डेटा स्ट्रक्चर्स’ लॅबच्या बारा प्रोग्रॅमपैकी सातवा आहे विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या लिंक्ड लिस्टचा. यात प्रत्येक नोंदीत तिच्या स्वतःच्या माहितीखेरीज पुढची नोंद कुठे आहे एवढेच लिहिलेले असते. शेवटची नोंद काढायची, तर तिच्या आधीच्या नोंदीला ‘तुझ्यापुढे आता कोणी नाही’ असे सांगावे लागते. पण यादीत एकच नोंद असेल, तर तिच्या आधी कोणीच नसते. म्हणून वेगळा ‘इफ’. पहिल्या जागी भर घालतानाही सुरुवातीचा पॉइंटर, म्हणजे पहिल्या नोंदीचा पत्ता, वेगळा सांभाळावा लागतो. मुले नेमक्या याच ओळी विसरतात आणि परीक्षेत प्रोग्रॅम मध्येच कोसळतो.

उपाय त्याच लॅबमध्ये दोन प्रोग्रॅम पुढे आहे. बहुपदींचा नववा प्रोग्रॅम ‘हेडर नोड’ वापरून करायला सांगितला आहे. यादीच्या तोंडाशी एक रिकामी नोंद कायमची ठेवायची. मग प्रत्येक खऱ्या नोंदीच्या आधी कोणीतरी असतेच. यादी रिकामी आहे का, एवढे पाहावे लागते, पण पहिल्या नोंदीचे वेगळे लाड संपतात. सातव्या प्रोग्रॅमला हीच मांडणी लावून दोन्ही कोड शेजारी ठेवले, तर विद्यार्थ्याला एका तासात जे कळेल ते महिनाभर पाठांतर करून कळणार नाही.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१६ च्या टेड मुलाखतीत चांगल्या कोडचे उदाहरण दिले ते लिंक्ड लिस्टमधून नोंद काढण्याचेच. एका कोडमध्ये पहिल्या नोंदीसाठी वेगळी अट होती. दुसऱ्यात पॉइंटरचा पॉइंटर वापरून ती अट नाहीशी केली होती आणि टोरवाल्ड्स यांची पसंती या दुसऱ्याला होती. लिनक्सच्या कर्नलमधली, म्हणजे गाभ्यातली, नेहमीची यादी तर गोलाकार आणि दुहेरी असते, तिच्यातून नोंद काढताना शेजारच्या दोघांची गाठ घालून दिली की झाले. खिशातला अँड्रॉइड फोन याच कर्नलवर चालतो.

निपाणीच्या तंबाखू बाजारातल्या जुन्या पेढ्यांना मांडणीने काम हलके करण्याची ही युक्ती नवी वाटणार नाही. किर्दीत व्यवहार तारखेप्रमाणे आणि खतावणीत तेच व्यवहार खात्याप्रमाणे लिहिले जात. अमक्याकडे येणे किती, हे किर्द चाळून शोधण्याची वेळ येत नसे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पॉइंटरचा पॉइंटर नवशिक्याला भांबावून सोडतो आणि चलाखी म्हणजे स्वच्छता नव्हे. खरे आहे, म्हणूनच सुरुवात हेडर नोडने आणि साध्या तक्त्याने करावी. दुसरा आक्षेप शिक्षकांचा असतो. पोर्शन संपवायचा, बॅच मोठ्या, परीक्षक निकाल पडद्यावर आला की नाही तेच पाहतात. ही अडचण शिक्षकांची नसून मूल्यमापनाची आहे आणि ती सोडवणे विद्यापीठाच्या हातात आहे.

प्रॅक्टिकलच्या मार्कांतला ठरावीक वाटा कोड लिहिण्याआधी कागदावर काढलेल्या मांडणीला द्यावा. व्हायवात ‘ही मांडणी का निवडली, दुसरी घेतली असती तर कोणत्या अटी वाढल्या असत्या’ हा प्रश्न सक्तीचा करावा. मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला हा विचार आपल्या भाषेत मांडायची मुभा द्यावी, कारण तक्ता आखायला इंग्रजी लागत नाही. यासाठी नवा विषय लागत नाही की नवी यंत्रसामग्री. मच्छेहून एक परिपत्रक निघाले, तर पुढच्या सेमिस्टरपासून हे राज्यभर सुरू होऊ शकते. विद्यापीठाने ते काढावे.