मुक्या घोड्याचा कैवार

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील घोडेस्वारीच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या. तेथे उड्यांच्या अंतिम फेरीच्या तोंडावर चार घोडे बाद झाले. तपासणीत कॅप्साइसिन आढळले होते. कॅप्साइसिन म्हणजे मिरचीतले तिखट. ते वेदनाशामक म्हणून वापरतात. परंतु पायांना चोळले तर कातडी हुळहुळी होते आणि दांडीला पाय लागू नये म्हणून घोडा जिवाच्या आकांताने उंच उडतो. या प्रकरणात नॉर्वेच्या संघाला कांस्यपदक गमवावे लागले.

आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम स्पष्ट आहे : घोड्याच्या अंगात निषिद्ध द्रव्य आढळल्यास प्रथम जबाबदार स्वार. आपला दोष नव्हता हे त्याने सिद्ध केले, तर शिक्षा सौम्य होते. निकाल मात्र रद्दच. रात्रभर तबेल्यात स्वाराने पहारा करायचा काय, असा आक्षेप घेतला जातो. पण हा नियम नसता तर? पदक स्वाराच्या गळ्यात आणि बोट खरारा करणाऱ्या मोतद्दाराकडे! राबणाऱ्याने दोष वाहावा, मिरवणाऱ्याने मान घ्यावा, ही रीत आपल्याला अपरिचित नाही.

मालक, पशुवैद्य, मोतद्दार यांनाही त्यांच्या कृत्यापुरते जबाबदार धरता येते, हे योग्यच. मात्र ती स्वाराची पळवाट होऊ नये. माणूस औषध नाकारू शकतो, घोडा नाही. ज्याच्या पाठीवर बसून कीर्ती मिळवायची, त्याच्या रक्ताचा हिशेबही स्वारानेच दिला पाहिजे.