भाडेपट्ट्याची मोटार आणि बसची वाट पाहणारी वसई

मोटार ही चैन की गरज, हा वाद आता जुना झाला. फियाट किंवा अ‍ॅम्बॅसेडर दारात उभी असणे हे एकेकाळी सुखवस्तूपणाचे लक्षण होते. मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि मिळालेली मोटार मुलाबाळांपर्यंत टिकवावी लागे. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली किल्ली पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली, तेव्हा मध्यमवर्गाच्या आकांक्षेला राज्यसंस्थेनेच चाके लावली. आज एमएच-४८ या क्रमांकाच्या मोटारी माणिकपूर, आचोळे, बोळींज येथील इमारतींच्या आवारात मावत नाहीत आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात. त्यांच्या मालकांत शाळामास्तर आहेत, बँकेतील कारकून आहेत, औषध कंपन्यांचे विक्रेते आहेत, छोटे दुकानदार आहेत. हा वर्ग श्रीमंत झाला म्हणून मोटारी वाढल्या, असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. वसई-विरारमध्ये मोटार ही पुष्कळ अंशी न आलेल्या बसची किंमत आहे. ती किंमत प्रत्येक कुटुंब आपापल्या हप्त्यातून स्वतंत्रपणे भरत आहे.

या शहराचा नकाशाच असा आहे की सार्वजनिक वाहतुकीवाचून त्याचा श्वास कोंडावा. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली आणि मुंबईचा चाकरमानी येथे वस्तीला येऊ लागला. वाडीतली फुले आणि भाजी त्याच लोहमार्गाने मुंबईच्या बाजारात जात राहिली. पण खाडी ओलांडण्यासाठी लोहमार्गाचा पूल होता, सडकेचा नव्हता. वसईहून समोर दिसणाऱ्या भाईंदरला सडकेने जायचे तर महामार्ग गाठून, घोडबंदरजवळचा पूल ओलांडून सुमारे ३८ किलोमीटरचा वळसा घालावा लागे. २० फेब्रुवारी २०२४ रोजी वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली आणि हे अंतर पाण्यावरून साडेतीन किलोमीटरांच्या आसपास आले. ही सोय चांगलीच आहे. मात्र स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षांनी मोटारीला खाडी ओलांडायला तराफा मिळाला आणि गावातल्या माणसाला स्थानकापर्यंत नियमित बस मिळाली नाही, हा क्रम बोलका आहे.

ही बस नव्हतीच असे नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्याची पहिली सरकारी गाडी धावली आणि 'गाव तेथे एस.टी.' हे पुढे धोरण बनले. वसई, नालासोपारा आणि अर्नाळा येथील आगारांनी या तालुक्यातील विद्यार्थी, कोळणी, भाजीवाल्या आणि कामगार यांना वर्षानुवर्षे वाहून नेले. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली. २०१२ साली पालिकेने स्वतःची परिवहन सेवा सुरू केली, तीही ठेकेदारामार्फत. पालिकेची बस आली म्हणून एस.टी.ने शहरी मार्गांवरून अंग काढून घेण्याचे ठरवले. ठेकेदाराची बस परवडेल तेथेच धावणार होती. या दोहोंच्या मध्ये प्रवासी सापडला आणि नागरिकांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. २०२० च्या टाळेबंदीत पालिकेची सेवा थांबली आणि ती पुन्हा उभी करण्यासाठी नवा ठेकेदार शोधावा लागला. बारा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात (ही २०११ च्या जनगणनेची गणती झाली) रात्री अकरा वाजता लोकलमधून उतरलेल्या परिचारिकेने किंवा शिफ्ट संपवून आलेल्या कामगाराने घरी कसे जावे, याचे उत्तर शेअर रिक्षाच्या चौथ्या बैठकीवर सोडून देण्यात आले. ज्याला शक्य झाले त्याने कर्ज काढून मोटार घेतली.

मोटार घेतल्यावर तिचा खरा खर्च सुरू होतो. मासिक हप्ता दिसतो. निगेचा खर्च दिसत नाही. गर्दीत तासभर सुरू असलेल्या इंजिनाची झीज किलोमीटरच्या आकड्यात उमटत नाही. म्हणूनच जाणता मेकॅनिक ऑइल बदलण्यासाठी केवळ आकड्यावर विसंबत नाही, महिनेही मोजतो. खाऱ्या वाऱ्याने मोटारीचा तळ आणि सायलेन्सर गंजतात. घर ते स्थानक एवढ्याच फेऱ्या झाल्या तर बॅटरी पुरती भरत नाही आणि डिझेल मोटारीच्या धुराड्यातील काजळीची जाळी तुंबते. त्यात जुलै २०१८ सारखा पाऊस येतो. त्या वर्षी ९ आणि १० जुलैला वसई-विरार पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, वीज गेली आणि आवारात उभ्या असलेल्या मोटारी बुडाल्या. पाणी शिरलेले इंजिन मालकाने घाईने सुरू केले की पाणी दबत नसल्यामुळे आतला दांडा वाकतो. हे नुकसान साध्या विम्यात बसत नाही. इंजिनासाठी वेगळे संरक्षण घेतलेले असावे लागते. ओढे बुजले, बावखले भरली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. नियोजनाच्या या गुन्ह्याचा दंड अखेर गॅरेजच्या बिलात वसूल झाला.

या ओझ्याने वाकलेल्या पगारदारापुढे आता भाडेपट्ट्याचा, म्हणजे कचेऱ्यांच्या भाषेत 'लीज'चा, पर्याय ठेवला जातो. त्याची रचना समजून घेणे आवश्यक आहे. कर्मचाऱ्याने निवडलेली मोटार त्याची कंपनी तीन ते पाच वर्षांच्या कराराने एखाद्या वित्तसंस्थेकडून घेते. भाडे, विमा, देखभाल हे सर्व त्या कर्मचाऱ्याच्याच एकूण पगारातून, पण प्राप्तिकर मोजण्याआधी, वजा होते. मोटार कचेरीच्या आणि घरच्या अशा दोन्ही कामांसाठी आहे असे धरून, कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात या सवलतीचे केवळ एक नाममात्र मूल्य मिळवले जाते. २०२३ साली हे मूल्य १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनासाठी महिना १,८०० रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनासाठी २,४०० रुपये होते.

याचा हिशेब साधा आहे. समजा, भाडे महिना २५,००० रुपये आहे. १,८०० रुपये वगळता २३,२०० रुपयांवरचा कर वाचला. वरच्या टप्प्यातील कर्मचाऱ्याला उपकर धरून ३१.२ टक्के कर लागत असेल, तर महिन्याला सुमारे ७,२०० रुपये आणि वर्षाला सुमारे ८७,००० रुपये वाचले. हा पैसा सरकारी तिजोरीत येणार होता, तो आला नाही. म्हणजेच त्या मोटारीच्या भाड्यातील मोठा वाटा समाजाने उचलला. पगार जितका मोठा आणि मोटार जितकी महाग, तितके हे साहाय्य मोठे. ज्याच्या उत्पन्नावर करच लागत नाही, त्या वालीव किंवा सातिवलीच्या कारखान्यातील कामगाराला यातून एक पैसाही मिळत नाही.

याच्या शेजारी दुसरी नोंद ठेवली पाहिजे. पगारदारांना कामावर जाण्यायेण्याच्या भत्त्यावर महिना १,६०० रुपयांपर्यंत करमाफी होती. २०१८-१९ पासून ती सरसकट प्रमाणित वजावटीत विलीन करण्यात आली. ती वजावट लोकलच्या पासधारकाला मिळते, तशी भाडेपट्ट्याच्या मोटारीत बसणाऱ्यालाही मिळते. मोटारीची खास सवलत मात्र स्वतंत्रपणे तशीच राहिली. १९५८ च्या कायद्याने राज्याने एस.टी.च्या तिकिटावर प्रवासी कर बसवला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणताना बसवरचा करही १८ टक्केच ठेवला गेला. चार माणसांची मोटार आणि पन्नास माणसांची बस करवसुलीच्या तराजूत समान ठरल्या. ही समानता नव्हे, विषमतेकडे केलेला कानाडोळा आहे.

भाडेपट्ट्याचा दुसरा परिणाम श्रमिकांच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. मोटार नोकरीला बांधली जाते. नोकरी सोडली वा सुटली की करार मोडल्याची रक्कम भरा, उरलेली किंमत देऊन मोटार घ्या, नाहीतर ती परत करा, असे पर्याय उरतात. जेथे बस नाही तेथे मोटार जाणे म्हणजे दुसरी नोकरी शोधण्याचे साधनही जाणे. वरिष्ठांच्या मनमानीविरुद्ध बोलू पाहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मनात घराच्या हप्त्याबरोबर आता मोटारीच्या कराराचाही विचार येतो. जुन्या काळी चाळीतील खोली गिरणीशी बांधलेली असे, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणावी लागेल.

तिसरा परिणाम निगेवर होतो. मोटारीचा खरा शौकीन तिच्या आवाजातून तिचे दुखणे ओळखतो, पावसाळ्यापूर्वी तळाला लेप देतो, पंधरा वर्षांची मोटार ठणठणीत ठेवतो. त्याला हसण्याचे कारण नाही. वस्तू टिकवून वापरणे ही श्रमाची प्रतिष्ठा राखणारी संस्कृती आहे आणि तिच्या आधाराने नालासोपारा व वसई पूर्वेतील कितीतरी गॅरेजे, फिटर, वायरमन आणि रंगारी जगत आले. भाडेपट्ट्याच्या करारात देखभाल कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेकडेच जाते आणि तीन-चार वर्षांत मोटार बदलली जाते. वापरणाऱ्याला निगेचे कारण उरत नाही, स्थानिक कारागिराला काम उरत नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दलच. पुढे प्रकरण अपिलांत गेले, मोटारी मात्र अधिकाधिक संगणकाच्या झाल्या आणि पान्हा हातात असलेल्या माणसासमोर त्यांची दारे अधिकाधिक बंद होत गेली. दुरुस्तीचा हक्क हा ग्राहकाच्या सोयीपुरता प्रश्न नाही. तो लहान कारागिराच्या पोटाचा प्रश्न आहे.

यावर एक आक्षेप निश्चित येईल. जो पगारदार प्रामाणिकपणे कर भरतो, त्याने कायद्याने दिलेली सवलत घेतली तर त्याचा काय दोष? त्याचा दोष नाहीच. विरारच्या फलाटावर वीस वर्षे धक्के खाल्लेल्या माणसाने म्हातारपणी आईला रुग्णालयात नेण्यासाठी मोटार घेतली, तर त्याला चंगळवादी म्हणणे हा उर्मटपणा होईल. दोष धोरणाचा आहे. प्रत्येक कुटुंबाने आपली वाट आपण शोधावी असे सांगणारे धोरण शेवटी कोणालाच वाट देत नाही. महामार्गाच्या काँक्रिटीकरणाच्या काळात त्याच मोटारी वरसावे ते विरार फाटा या पट्ट्यात तासन्‌तास अडकून पडल्या. भाडेपट्ट्याची मोटार आणि हप्त्याची मोटार, नवी आणि जुनी, साऱ्या एकाच रांगेत होत्या. रुग्णवाहिकाही त्याच रांगेत होती.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. भाडेपट्ट्याच्या मोटारीचे करपात्र मूल्य तिच्या खऱ्या भाड्याशी जोडले जावे आणि वाचलेला कर शहरी बससेवेच्या निधीत जावा. रेल्वे आणि बसच्या पासावरील खर्चाला स्वतंत्र वजावट मिळावी आणि ज्यांचे उत्पन्न करपात्र नाही त्यांच्यासाठी तिकीटदरच कमी असावेत. बसवरचा कर मोटारीपेक्षा कमी असावा. वसई-विरारच्या बससेवेची जबाबदारी एस.टी. आणि पालिका यांनी परस्परांवर न ढकलता मार्ग, फेऱ्या आणि शेवटच्या गाडीची वेळ लेखी जाहीर करून घ्यावी. मोटार उभी करण्याच्या जागेचाही हिशेब मागितला पाहिजे. जपानने १९६२ च्या कायद्याने मोटारनोंदणीसाठी जागेचा पुरावा सक्तीचा केला. येथे तसे करताना बिल्डरांनी आराखड्यात दाखवलेली आणि नंतर विकून टाकलेली जागा आधी मोकळी करून घ्यावी लागेल. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि तपासणीची साधने वाजवी दरात मिळण्याचा हक्क कायद्याने द्यावा.

या मागण्या मोटारीविरुद्ध नाहीत. बस वेळेवर येऊ लागली तर मोटार पुन्हा आपल्या योग्य जागी जाईल: आजारपणाला, लग्नकार्याला, पावसाळी सहलीला आणि ज्याला तिची हौस आहे त्याच्या प्रेमाने राखलेल्या आवारात. पण त्यासाठी वसई-विरारच्या मोटारधारकाने आणि बसप्रवाशाने आपण एकाच अन्यायाचे दोन भागीदार आहोत हे ओळखले पाहिजे. एक जण दर महिन्याला हप्त्याने पैसे भरतो, दुसरा दर संध्याकाळी थांब्यावर उभा राहून वेळ भरतो. ही वसुली करणारी व्यवस्था एकच आहे, आणि पालिकेच्या दारात दोघे एकत्र उभे राहिल्याशिवाय ती हिशेब देणार नाही.