अर्थाचं काय करायचंय?

गेल्या जूनपासून या एप्रिलपर्यंत, आठवड्यातून दोन संध्याकाळी, आम्ही एका नृत्यवर्गाच्या दाराबाहेरील बाकावर बसलो. पुण्याच्या एका उपनगरात, गृहनिर्माण संस्थेच्या सभागृहात भरणारा हा लहान मुलांचा कथकचा वर्ग. आत आमची सात वर्षांची कन्या. बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन आम्ही. आता वर्ष सरले. वार्षिक कार्यक्रम पार पडला, सन्मानचिन्हे वाटून झाली, छायाचित्रे घरोघर पोचली आणि सर्वांनी समाधान व्यक्त केले. आम्हाला ते व्यक्त करता येत नाही. का येत नाही, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम जे चांगले घडले ते नोंदवणे आमचे कर्तव्य आहे. दिवाळीपर्यंत या वर्गात खरोखर शिक्षण चालले होते. मुली मांडी घालून बसत, ताई हातावर ताल धरीत आणि मग पढंत सुरू होई : ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’. आधी तोंडाने म्हणायचे, मग पायाने. तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. पहिले दोन महिने आमची कन्या दर वेळी खालीपाशी अडखळत असे, कारण टाळी द्यायची नाही हे कळणे टाळी देण्यापेक्षा अवघड. ऑगस्टमध्ये कधीतरी ते तिला जमले. त्यानंतर ती घरी मटार सोलताना, जिना उतरताना, दात घासताना तिहाई म्हणू लागली. तोच तुकडा तीनदा म्हणून बरोबर समेवर यायचे आणि मग विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहायचे. वाचकहो, आम्ही छंदःशास्त्र शिकवतो. यतीचा अर्थ पदवीच्या विद्यार्थ्यांना समजावताना आमची दमछाक होते. तो अर्थ या मुलीला नवव्या मात्रेवर हात उलटा करताना, कोणतीही व्याख्या न सांगता, कळला होता.

दिवाळीनंतर ‘कार्यक्रम बसवणे’ सुरू झाले. पढंत बंद झाली. तबल्याच्या लेहऱ्याच्या जागी ध्वनिवर्धक आला आणि त्यातून एका गाजलेल्या मराठी चित्रपटातील शृंगारिक लावणी वाजू लागली. प्रौढ स्त्रीने प्रौढ पुरुषाला उद्देशून म्हटलेले ते गाणे. त्यातली सूचकता प्रौढांसाठीच रचलेली. लावणीशी आमचे वैर नाही; तिच्या शब्दकळेवर आम्ही वर्गात तासन्‌तास बोललो आहोत. आमचा प्रश्न वेगळा आहे. एके दिवशी दार उघडे होते. रांगेतल्या एका मुलीने गाण्यातल्या एका शब्दाबद्दल विचारले, ‘‘ताई, म्हणजे काय?’’ ताई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, ‘‘अर्थाचं काय करायचंय तुला? स्टेप लक्षात ठेव.’’

आमचा सारा आक्षेप या एका वाक्यात सामावलेला आहे. ताई काही वाईट शिक्षिका नव्हेत. त्यांची अडचण खरीच होती. तो अर्थ सात वर्षांच्या मुलीला सांगण्याजोगा नव्हताच. पण मग जे सांगता येत नाही, ते तिच्या अंगावर चढवायचे कशासाठी? गंमत पाहा : जूनपासून ज्या बोलांवर ती नाचत होती त्यांना कोशातला अर्थ नाही, तरी ते तिला पूर्ण कळले होते. आता ज्या शब्दांवर नाचायचे होते त्यांना भरपूर अर्थ होता आणि तो तिला कळू नये याची काळजी घ्यावी लागत होती.

नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. ‘अभिनय’ या शब्दाची फोड आपण विद्यार्थ्यांना सांगतो : ‘अभि’ म्हणजे समोर, ‘नी’ म्हणजे नेणे. प्रयोगाचा अर्थ प्रेक्षकांसमोर नेणे तो अभिनय. जिच्यापासून अर्थ लपवला आहे, ती मुलगी समोर काय नेणार? तिच्याजवळ उरते ते फक्त आहार्य : भाड्याची नऊवारी, खोटे दागिने, ओठांवरचा लाल रंग. महिन्याची फी बाराशे आणि वेशभूषेसह कार्यक्रमाचा खर्च पाच हजार, हे आकडेच सांगतात की चौघांपैकी कोणाचे राज्य आहे. सुट्ट्या वगळता वर्षभरात वर्गाचे सुमारे ऐंशी तास झाले. त्यांतले निम्मे त्या सहा मिनिटांवर खर्ची पडले.

जून २०१९ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी दूरचित्रवाहिन्यांना एक सूचनापत्र पाठवले होते. चित्रपटांत प्रौढांनी केलेले हावभाव नृत्यस्पर्धांतून लहान मुलांकडून करवून घेतले जातात, ते त्यांच्या वयाला अनुचित असतात, याकडे त्यात लक्ष वेधले होते. तेव्हा आपण सारे वाहिन्यांना नावे ठेवत होतो. आपल्या सभागृहांना असे पत्र कोणी पाठवत नाही. तिथे पहिल्या रांगेत आपणच भ्रमणध्वनी उंचावून बसलेले असतो.

यावर दोन उत्तरे मिळतात. पहिले असे की, रंगमंचामुळे मुलांना धीटपणा येतो. येत असेल. पण तालमीत पाय चुकत होते म्हणून जिला शेवटच्या रांगेत, उंच मुलीच्या मागे ढकलले गेले, तिला काय आले? ती मुलगी पढंतीत सर्वांत पुढे होती, एवढे आम्ही बाहेरूनही ऐकले होते. कार्यक्रमात पढंत ठेवावी असे आम्ही सुचवले, तर उत्तर आले, ‘‘लोक कंटाळतील.’’ दुसरे उत्तर असे की, शास्त्रीय परंपरेतही शृंगार आहेच. आहे, परंतु तिथे नवशिक्याला आधी नृत्तात मुरवतात, भावाची पाळी नंतर येते. जुन्या काळाचे गोडवे आम्ही गात नाही; पण हा क्रम शहाणपणाचा होता.

शिवाय मुलींनी नाचायचे तर समोर प्रेक्षक हवेतच, हेही आपल्याला नवे आहे. भोंडल्यात पाटावर हत्ती काढायचा आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. तिथे पहिली रांग नाही आणि शेवटचीही नाही. झिम्मा-फुगडीत जी बघत उभी असते, तिलाच आत ओढतात.

नृत्य आणि शब्द यांची फारकत पुण्यात तरी व्हायला नको होती. १९४७ मध्ये इथे ‘नृत्यभारती’ स्थापन करणाऱ्या रोहिणी भाटे यांनी इसाडोरा डंकनचे आत्मचरित्र ‘मी, इसाडोरा’ या नावाने मराठीत आणले. आयुष्यभर कथक करणाऱ्या या गुरूला परक्या नर्तकीचे शब्द आपल्या भाषेत नेण्याचे कष्ट घ्यावेसे वाटले. शब्दाचा अर्थ ही नर्तकीच्या कामाबाहेरची गोष्ट आहे, असे त्यांनी मानले नाही.

आणि आता थोडे आपल्याविषयी, कारण हे वाचणारे बहुतेक आपल्याच व्यवसायातले आहेत. त्या बाकावर आम्ही ज्या उत्तरपत्रिका तपासत होतो, त्यांत कवितेच्या रसग्रहणाची एकाच मार्गदर्शकातून उचललेली, शब्दाला शब्द जुळणारी उत्तरे होती. पैकीच्या पैकी नाही, तरी बरे गुण आम्ही दिले. विद्यार्थ्याने ‘म्हणजे काय?’ असे विचारले, तेव्हा ‘परीक्षेला एवढेच लिहा’ असे आम्हीही म्हटलेले आहे. ताईंचे वाक्य आमच्या कानाला इतके झोंबले, त्याचे हेही कारण असावे.

म्हणून आमची मागणी मोठी नाही. दहा वर्षांखालील मुलांसाठी वार्षिक कार्यक्रम बंद करा. त्याऐवजी वर्षातून दोनदा पालकांना वर्गात बोलवा, जमिनीवर बसवा आणि मुलांची पढंत ऐकवा. टाळी-खाली पालकांनाही धरायला लावा. कोण कंटाळते ते तेव्हा कळेल. ज्या शब्दाचा अर्थ मुलीला सांगता येत नाही, त्यावर तिला नाचवू नका. आणि यातून गुरूचे उत्पन्न बुडत असेल, तर वेशभूषेचे पाच हजार फीमध्ये घाला; आम्ही ते आनंदाने देऊ.

कार्यक्रमानंतर आमच्या कन्येची पढंत थांबली होती. परवा ताटे मांडताना ती पुन्हा ऐकू आली. तिहाईच्या तिसऱ्या आवर्तनात ती एक मात्रा आधीच संपली. सम चुकली हे तिला कळले, आणि ताट हातात धरून तिने पहिल्यापासून सुरुवात केली.